रुखवतातली चौथी मिती

माणसानं चौथ्या मितीच्या नादाला खुशाल लागावं, माझी काही हरकत नाही. फक्त शेजारी लग्नाची मुलगी असेल, तर तिचं लग्न उरकल्यावर ते काम हाती घ्यावं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. बाकी सल्ले भरपूर मिळाले.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली. सोलापुरात बाळीवेशीत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे मी, भीमाशंकर कलशेट्टी, एका हायस्कुलातला गणिताचा मास्तर. माझी बायको सुंदरम्मा. आणि पुठ्ठ्याच्या बेचाळीस घनाकृती. या घनाकृती मी एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकेक करून बनवल्या होत्या. चार त्रिकोणांची, आठ त्रिकोणांची, वीस त्रिकोणांची, बारा पंचकोनांची. मग त्यांचेच कोपरे कापलेल्या. मग सर्वांगाला काटे फुटलेल्या. एकीला तर साठ टोकं होती आणि धूळ झटकताना ती सुंदरम्माच्या बोटात दोनदा घुसली होती. घरी येणारा प्रत्येक माणूस या सगळ्यांना आकाशकंदील म्हणत असे. दिवाळीत आला तर 'वा वा' म्हणे, एरवी आला तर 'अजून उतरवले नाहीत होय?' असं विचारी. पहिली दहा वर्षं मी समजावून सांगितलं. नंतर मी 'राहिले खरे' असं म्हणू लागलो.

एवढ्यावर भागलं असतं. पण रद्दीवाल्याकडं मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं, पहिली आणि शेवटची पानं गेलेलं. लांबी, रुंदी आणि उंची यांच्याशिवाय आणखी एक चौथी दिशा धरली, तर तिकडंही अशाच सुबक आकृती निघतात, असं त्यात लिहिलं होतं. आपल्याकडं सगळ्या बाजूंनी सारख्या अशा पाचच; तिकडं सहा. त्या सहांतली एक चोवीस अष्टफलकांची मिळून होते. अष्टफलक म्हणजे आठ त्रिकोणांची ती, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवल्यासारखी. मी तिला 'चोविशी' म्हणू लागलो आणि तिथून माझ्या संसारात तिसरं माणूस आलं.

आता चौथ्या दिशेतली वस्तू दोन खोल्यांत कशी मावणार? पण तिची सावली मावते. तारेचा ठोकळा दिव्यासमोर धरला की भिंतीवर त्याची सपाट सावली पडते: मोठ्या चौकोनात लहान चौकोन. तशीच चौथ्या मितीतल्या वस्तूची सावली आपल्या जगात पडेल, फक्त ती सपाट नसेल, तिला आत-बाहेर असेल. इतकं साधं आहे. सुंदरम्माला मी हे कंदील आणि भाकरीची टोपली घेऊन समजावलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं असंल तर टोपली जागेवर ठेवा."

चोविशीच्या सावलीत सगळ्यात आत एक छोटं अष्टफलक असतं, त्याच्याभोवती बारा टोकांची एक आकृती, आणि तिच्या बाहेर एक मोठं अष्टफलक. टोकं चोवीस, काड्या शहाण्णव. प्रत्येक टोकाशी आठ काड्या येऊन मिळतात. आमच्या शाळेत एका बैठकीला आठ शिक्षक वेळेवर मिळत नाहीत. इथं चोवीस बैठका होत्या. काड्या मी खराट्याच्या घेतल्या आणि सांध्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळी आणायला चौथ्यांदा गेलो तेव्हा सायकलवाल्यानं काळजीनं विचारलं, "सर, सायकल एकदा इकडं आणून दाखवा की." माझ्याकडं सायकल नव्हती. तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत दोन खराटे संपले.

शेजारचे गुरुबसप्पा रोज संध्याकाळी बघायला येत. त्यांचं चादरींचं दुकान होतं आणि स्वभाव परोपकारी होता. जगातल्या कुठल्याही वस्तूचा काहीतरी उपयोग असतोच, अशी त्यांची श्रद्धा.

"सर, ह्यात पोपट बसंल की," ते म्हणाले.

"काड्यांमधून निघून जाईल."

"मग जाळी मारा."

दुसऱ्या दिवशी त्यांना तिच्यात कांदे टांगायची सोय दिसली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चारी बाजूंनी कापड लावलं तर लहान लेकराला उन्हात बसवता येईल." मी म्हटलं, गुरुबसप्पा, ही एका अशा वस्तूची सावली आहे जी कुणी कधी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. मग जाताना सुंदरम्माला हळूच म्हणाले, "वहिनी, सरांना जरा दूध वाढवा."

आणि अशात एक नवल घडलं. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "कलशेट्टी, विभागीय विज्ञान प्रदर्शनाला यंदा आपल्या शाळेचं काहीच नाही. तुमचं ते जे काही आहे, ते द्या." बोलावणं काही सन्मानाचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण एकोणीस वर्षांत मला 'द्या' असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रदर्शनाला पुण्या-मुंबईचे गणिताचे प्राध्यापक येणार होते. त्यांतला एकजण तरी चोविशीपुढं थांबेल, ओळखेल, आणि मला तिच्याबद्दल काहीतरी विचारेल, एवढीच माझी इच्छा होती. तेवढ्यासाठी मी प्रदर्शनाच्या कचेरीत फॉर्म भरायला गेलो.

फॉर्मवर वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची यांचे तीन खाने होते. मी भरले आणि, माझंच चुकलं, तिथल्या कारकुनाला म्हणालो, "खरं म्हणजे एक खाना कमी आहे."

"कसला?"

"हिला चौथं माप आहे."

"मग समासात लिहा."

"ते मोजता येत नाही. म्हणजे आहे, पण इथं नाही."

कारकुनानं चष्मा काढला. "म्हणजे वस्तू अपूर्ण आहे?"

"वस्तू पूर्ण आहे. ही तिची सावली आहे."

"म्हणजे प्रतिकृती." त्यानं 'प्रतिकृती' या शब्दाखाली रेघ मारली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रतिकृती असल्यास मूळ वस्तू सध्या कोठे आहे, ते ठिकाण व जिल्हा. मी पाच मिनिटं विचार केला. माझ्यामागे रांग होती; मागचा माणूस गोबर गॅसचा होता आणि त्याला घाई होती. शेवटी मी 'माहीत नाही' असं लिहिलं, कारकुनानं 'गहाळ' असं दुरुस्त केलं आणि शिक्का मारला. एक्केचाळीस नंबर मिळाला. दोन आठवड्यांनी, जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला स्वतः वस्तूपाशी हजर राहायचं होतं.

फॉर्म भरला त्याच आठवड्यात, गुरुवारी, गुरुबसप्पांच्या महादेवीचं लग्न होतं. मुलगी एकोणीस वर्षांची, गरीब स्वभावाची, मॅट्रिकला गणितात दोनदा गेलेली. आमच्या भिंतीला भिंत लागून वाढली, पण माझ्याकडं शिकवणीला कधी आली नाही. गुरुबसप्पांचं मत मी बिघडवीन असं असावं. मुलगा वळसंगच्या चनमल्लप्पांचा, शेतीभाती चांगली. शाळा करून मी कार्यालयात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची ही गर्दी.

आमच्याकडं रुखवतात मुलीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडतात. मण्यांचे पोपट, कापसाचे ससे, सुपारीचे नवरा-नवरी, साखरेची तुळस. सासरच्या बायका ते बघून मुलीची परीक्षा करतात आणि सगळं रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की महादेवीच्या आईनं, गिरिजाबाईंनी, महिनाभर खपून केलेली साखरेची तुळस, साखरेचं जातं आणि साखरेची बैलगाडी आदल्या दिवशी मुंग्यांनी खाल्ली होती. सकाळी त्या रडत आमच्याकडं आल्या होत्या. आणि सुंदरम्माला दया आली होती.

टेबलाच्या मधोमध गुलाबी सॅटीनवर माझी चोविशी होती. तिच्या शहाण्णव काड्यांना चंदेरी कागद गुंडाळला होता. चोवीस टोकांना चमकी. सगळ्यात आतल्या अष्टफलकात सुपारीची नवरी बसवली होती, डोक्यावर पदर घेऊन. भोवती माझ्याच अकरा घनाकृती पाहुण्यांसारख्या मांडलेल्या. साठ टोकांच्या आकृतीच्या प्रत्येक टोकाला एकेक मनुका टोचली होती.

"हे काय हाय वो?" मुलाची आई, निंगव्वा, विचारत होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, आवाजही तसाच.

"आमच्या महादेवीनं हातानं केलंय," गिरिजाबाई म्हणाल्या.

"ते कळलं. पर हाय काय?"

गिरिजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. सुंदरम्मानं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो वळ मंगळवारपर्यंत होता.

"कळस हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. "देवाचा."

"लई किचकट काम हाय गं बाई," निंगव्वा म्हणाली आणि पहिल्यांदाच सुनेकडं जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. महादेवी मान खाली घालून उभी होती. तिनं ती चोविशी त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा नीट बघितली असेल.

"दोन तासांत परत आणते म्हणाल्या होत्या गिरिजाबाई," सुंदरम्मा मला बाजूला घेऊन सांगत होती, तोवर वऱ्हाडाच्या बायकांनी रुखवत आवरायला घेतलं. हातोहात सगळं ट्रकमध्ये चढलं. चोविशी निंगव्वानं स्वतःच्या मांडीवर घेतली. मी अक्षता हातात घेऊन उभा होतो, त्या टाकायच्या राहून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुबसप्पा आले. बसले नाहीत. हात जोडून दारातच उभे राहिले.

"सर, तुमचं लई मोठं नुकसान झालं. पण मागायला जाऊ नका. चनमल्लप्पा साऱ्या गावाला बोलावून दाखवायलेत म्हणं, आमच्या सुनेनं केलं म्हणून. आता मास्तरनं केलंय म्हणलं तर पोरगी खोट्या आईची ठरंल. जन्मभर ऐकावं लागंल तिला." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले, आणि मग परोपकारी स्वभाव उफाळून आला. "तुम्ही दुसरं करा की. खराटा मी देतो."

दुसरं करायला तीन महिने हवे होते. माझ्याकडं सोळा दिवस होते, आणि त्यांत चाचणीचे दोनशे दहा पेपर होते. मी पुन्हा त्या कारकुनाकडं गेलो, नाव मागे घेतो म्हणून. तो म्हणाला, नोंद झालेली वस्तू मागे घेता येत नाही. ती हजर राहते किंवा गैरहजर राहते. गैरहजर राहिल्यास कारण तीन प्रतींत. मूळ वस्तू आधीच गहाळ, आता प्रतिकृतीही गहाळ, असं कसं लिहायचं, असं त्यानंच मला विचारलं. हेडमास्तर तर म्हणाले, "कलशेट्टी, काड्यांचीच वस्तू, तीही सांभाळता आली नाही?" ते म्हणाले ते बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

आठवडाभर विचार करून मी एक बेत केला. वळसंगला जायचं आणि म्हणायचं, की तुमच्या सुनेची कला प्रदर्शनात मांडायची आहे, चार दिवस द्या. नाव महादेवीचंच लावू. तिची अब्रू राहील, चोविशी प्रदर्शनाला जाईल, आणि प्राध्यापक थांबलाच तर त्याला काय सांगायचं ते मी सांगेन. नाव तिचं लावायचं या कल्पनेनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी मी आणि सुंदरम्मा पेंडखजुराचा पुडा घेऊन अक्कलकोटच्या एस.टी.त बसलो. वळसंग येईपर्यंत मी ते खोटं वाक्य मनात घोटत होतो. सुंदरम्मा म्हणाली, "ओठ हलवू नका, लोक बघायलेत."

चनमल्लप्पांचं घर विचारावं लागलं नाही. "कळस बघायला आलाव व्हय?" असं म्हणून एका म्हातारीनं बोट दाखवलं. दारातून आत शिरलो तर समोर तुळईला चोविशी टांगलेली. चंदेरी कागद थोडा निघाला होता, सुपारीची नवरी आत कलंडली होती, पण एकही सांधा सुटला नव्हता. बापाला सासरी गेलेल्या मुलीकडं बघून काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. आम्हाला मूलबाळ नाही.

चनमल्लप्पांनी मोठ्या प्रेमानं बसवलं. हुरडा आला, शेंगाची चटणी आली. मग ते चोविशीकडं बोट करून म्हणाले, "मास्तर, चोवीस टोकं हायत त्याला. म्या मोजली. दोनदा मोजली. आन कुटनं बी बगा, सारकंच दिसतंय." एकोणीस वर्षांत माझ्या कुठल्याही आकृतीची टोकं कुणी आपणहून मोजली नव्हती.

मी घसा साफ केला आणि वाक्याला सुरुवात करणार, तेवढ्यात निंगव्वा समोर येऊन बसली.

"बरं झालं आलासा. मास्तर, माज्या भनीच्या पोरीचं लगीन हाय म्हयन्यानं. तिच्या रुखवतात असलंच पायजे म्हनती ती. मी सुनंला सांगितलं, कर. चार दिस झालं, काड्या घिऊन बसतीया आन रडतीया. म्हनती इसरले. सोताच्या हातानं केलेलं कोन इसरतं वो?" ती थांबली. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुमी तर शेजारी. तुमी बगितलं असंल की तिला करताना?"

महादेवी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोळे सुजलेले. पुढं खराट्याच्या काड्यांचा ढीग, रबरी नळीचं वेटोळं आणि एक वाकडातिकडा सांगाडा पडला होता. चनमल्लप्पा हुरडा चोळायचे थांबले. मी खरं बोललो असतो तर चोविशी त्याच संध्याकाळी माझ्या मांडीवर सोलापूरला आली असती. प्रदर्शनाचं वाक्य बोललो असतो तरी आली असती. काड्यांचा ढीग मात्र महादेवीपुढं तसाच राहिला असता.

"बघितलं की," मी म्हणालो. "म्हणून तर आलोय. शाळेत मुलांना करून दाखवायचंय, पण मला काही केल्या जमत नाही. महादेवी, लग्नाच्या धांदलीत तू विसरली असशील, पण दोघं मिळून बसलो तर आठवेल. मला शिकवशील का?"

सुंदरम्मा माझ्याकडं असं बघत होती, जणू मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो होतो. निंगव्वा म्हणाली, "मास्तर असून ह्ये बी येत न्हाय?"

"नाही येत," मी म्हणालो.

मग दुपारभर, घरातल्या सगळ्यांसमोर, मी महादेवीकडून चोविशी शिकलो. शिकायची पद्धत अशी: मी विचारायचं, "आधी बारा काड्यांचं छोटं अष्टफलक, होय ना?" आणि तिनं म्हणायचं, "होय." मी विचारायचं, "आता ह्या टोकापासून चार काड्या बाहेर, अशा तिरक्या?" आणि तिनं म्हणायचं, "तिरक्या." मुद्दाम चुकायचं आणि 'असं चालेल का' विचारायचं, की ती वर टांगलेल्या चोविशीकडं बघून 'नाही' म्हणायची. चुकलो की निंगव्वा कपाळाला हात लावायची. चनमल्लप्पा शेजारच्यांना हाका मारून बोलावत होते, "या, या, सोलापूरचं मास्तर आमच्या सुनंकडं शिकाया आलंय." सात-आठ माणसं जमली. एकानं मला धीर दिला, "जमंल, मास्तर, जमंल." माझ्या वर्गात मी असं कुणाला कधी म्हटल्याचं आठवत नाही.

चौतीस, पस्तीस, छत्तीस. आतलं अष्टफलक झालं, त्याच्याभोवतीची बारा टोकं झाली. बसून बसून कंबर गेली होती, चाळिशी नाकावरून घसरत होती. मी एक लांब काडी घेतली आणि आतल्या टोकाला लावून बाहेर काढायला गेलो.

"नाही, सर," महादेवी म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. मी काडीकडं पाहिलं.

"आतलं टोक बाहेरच्या टोकाला थेट जात नाही. मधल्या बारांतनंच जावं लागतंय. वर बघा की."

मी वर बघितलं. ती म्हणाली ते बरोबर होतं. मी खरोखर चुकलो होतो. तीन महिने जी वस्तू हातांनी बांधली, तिच्यातच थकव्यानं चुकलो होतो, आणि गणितात दोनदा गेलेल्या मुलीनं चूक पकडली होती. तिच्या चेहऱ्यावरचं रडं गेलं होतं. ती काड्या बघत नव्हती, आकृती बघत होती. मला ते बघणं ओळखता येतं, मी ते आरशात पाहिलंय.

निंगव्वा चहा आणायला आत गेली आणि जमलेली माणसं पांगली, तेव्हा महादेवी हळू आवाजात म्हणाली, "सर, हे खरं काय आहे?"

मी तिला सांगितलं. पाच मिनिटांत सांगितलं. कंदील नाही, टोपली नाही. तिनं चोविशीची जमिनीवर पडलेली सावली बघितली, मग चोविशी बघितली, आणि म्हणाली, "म्हणजे ही पण सावलीच." मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, "आणि हिच्यासारख्या दुसऱ्या?"

"नाहीत," मी म्हणालो. "बाकी सगळ्यांना खालच्या मितीत नाहीतर वरच्या मितीत बहिणी आहेत. हिला खाली कुणी नाही, वरही कुणी नाही. ही त्या एकाच ठिकाणी होते."

महादेवीनं आतल्या सुपारीच्या नवरीला बोटानं सरळ केलं.

"मग तिला तिथं करमतंय कसं?" ती म्हणाली.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही प्राध्यापकानं हा प्रश्न मला विचारला नसता. पुस्तकात तो नव्हता, निदान उरलेल्या पानांत नव्हता. मी नळी कापत बसलो.

चहा आला. एस.टी.ची वेळ झाली होती. साठ काड्या राहिल्या होत्या. निंगव्वानं विचारलं, "झालं का शिकून?"

"नाही," मी म्हणालो. "बाहेरचं अष्टफलक अजून कळलं नाही. येत्या रविवारी परत आलो तर चालेल का?"

सुंदरम्माचा चहा बशीतून सांडला. येत्या रविवारी सकाळी दहाला मला एक्केचाळीस नंबरपाशी उभं राहायचं होतं, हे तिला ठाऊक होतं.

निंगव्वानं माझ्याकडं वर्गातल्या ढ मुलाकडं बघावं तसं बघितलं. मग तिला माझी दया आली. "या की," ती म्हणाली. "पर तवर घरी बसून सराव करा, मास्तर. नुसतं हितं येऊन काय व्हनार?"

"करतो," मी म्हणालो.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. होटगीचा फाटा मागे पडला. मी कारण तीन प्रतींत कसं लिहावं याचा विचार करत होतो. अंग नुसतं आंबून गेलं होतं.

"पोरगी हसली, बघितलंत का?" सुंदरम्मा एकदम म्हणाली. "गिरिजाबाई म्हणत होत्या, लग्न झाल्यापासनं हसलीच नाही म्हणून."

"कधी हसली?"

"सासू तुम्हाला सराव करा म्हणाली तेव्हा. दारामागं जाऊन हसली, तोंडाला पदर लावून."

"कशाला हसली?"

"कशाला काय?" सुंदरम्मा म्हणाली. "तुम्हाला की."

मला फार बरं वाटलं.